‘झाले’ हा शब्द आपोआप येऊ नये याबद्दल

केलगेरी, धारवाड

चिरंजीव सुधींद्र यास लीलामामीचे आशीर्वाद. नेहमीसारखेच भरपूर आहेत, फक्त या खेपेला जरा तापलेले आहेत, तेव्हा निववून घे.

तुझी प्रकृती कशी आहे? डबा अजून त्याच बाईंकडून येतो का? मानेचं दुखणं थांबलं का? (दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान वाकवून बसायचं आणि मान दुखते म्हणून संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर मानेचे व्यायाम बघायचे, असं तू करतोस हे मला ठाऊक आहे. बघण्याने मान बरी होत नाही.) पुण्यात उन्हाळा कसा आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या मामांचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे. स्वतः मामा कधीच कोणाच्या ताब्यात नव्हते. सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जातो. मामा वाटेत भेटेल त्याला फुकट कायदेशीर सल्ला देतात, त्यामुळे हल्ली आम्हाला बघून लोक रस्ता ओलांडतात आणि आमचं चालणं विनाअडथळा होतं.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘मामी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. शिवाय हे पत्र आधी मी तुझ्याच एडिटरमध्ये लिहायला घेतलं होतं. तुझं नाव टाइप केलं, मजकूर दोन पानं झाला, आणि वर बघते तो काय, ‘झाले चिरंजीव सुधींद्र यास’. पुढचा प्रत्येक परिच्छेदही ‘झाले’ने सुरू. ‘झाले तुझी प्रकृती कशी आहे’ असं पत्र भाच्याला धाडायची माझी छाती होईना, म्हणून मुकाट्याने दऊत-पेनावर आले. आणि या पत्राचा विषयही तोच आहे, तो तुझा ‘झाले’.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे चूक कुणाची ते तुझं तूच ठरव. (माझी नाही, एवढं ठरवून मग वाच.) तू मागच्या दिवाळीत तुझा तो एडिटर आणि त्यातली कामांची यादी आमच्या लॅपटॉपवर घालून दिलीस, फोनवरून, दोन तास मामांच्या प्रश्नांना उत्तरं देत. तेव्हापासून मी ती यादी रोज वापरते आणि चार लोकांत तिची तारीफही करते. काम लिहायचं, ते आपोआप ‘करायचे’ धरलं जातं. काम पार पडलं की ओळीच्या सुरुवातीला ‘झाले’ असं पूर्ण लिहायचं, की ती ओळ घडी घालून आत जाते आणि नजरेआड होते. धुतलेले कपडे कपाटात गेल्यासारखं बरं वाटायचं मला. मी पडले कामसू बाई. बघता बघता आत घड्यांचा ढीग झाला.

तुझ्या मामांचं निराळं. तू म्हणाला होतास की आपापले शब्दही त्या यादीत घालता येतात. मामांनी लगेच ‘नोडोण’ घातला. त्यांना बाकीच्या शब्दांची गरजच पडली नाही. तुला सांगायला नको, आपल्याकडे नोडोण म्हणजे बघू. हो नव्हे, नाही नव्हे, आणि विचारणाऱ्याचं मनही मोडत नाही. त्या एका शब्दावर मामांनी वकिलीची सगळी वर्षं काढली. काम पुरतं आटोपलं तरी ते ‘झाले’ लिहीत नाहीत. अपिलाची मुदत टळल्याशिवाय काही झालं असं म्हणू नये, हे त्यांचं मत. त्यामुळे यादीतल्या त्यांच्या ओळी कायम उघड्या आणि सगळ्यांपुढे नोडोण. टेलिफोनचं बिल भरलं, नोडोण. दाढ काढली, नोडोण.

अशा या यादीवर आम्ही मामांची सत्तरीची शांत उभी केली. अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी आहे, पत्रिका तुला व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेलच. (तू अंगठा पाठवला होतास. अंगठ्याचा अर्थ येतो असा की पत्रिका छान आहे असा, यावर मामांनी अर्धा तास युक्तिवाद केला.) बाहेरची कामं मामांनी लिहायची, बोलावणी आणि घरातलं मी लिहायचं, असं ठरलं. आणि नेमकं तेव्हाच तू ती सुधारणा पाठवलीस. तुझा निरोप माझ्याजवळ अजून आहे: ‘मामी, आता पूर्ण शब्द टाइप करायचे कष्ट नकोत. ओळीच्या सुरुवातीला टॅबचं बटण दाबा, तुम्ही जास्त वेळा वापरता तो शब्द आपोआप येईल.’ मी वाचला, कौतुकाने मामांना दाखवला, आणि विसरून गेले.

सुधींद्र, मी तीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, हे तू सुधारणा करताना ध्यानात घेतलं नाहीस. आम्हाला हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या टायपिंग क्लासात बाईंनी दोन गोष्टी हाडात मुरवल्या होत्या. एक, प्रत्येक नवी ओळ टॅबने जागा सोडून सुरू करायची. दोन, टाइप करताना नजर समोरच्या मजकुरावर ठेवायची, बोटांकडे किंवा कागदाकडे बघायचं नाही. खाली बघणारी मुलगी दिसली की बाई तिच्या हातांवर टॉवेल पांघरायच्या. तर मी शांतीची सगळी कामं आधी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढली, ते कॅलेंडर समोर टेकवलं आणि लॅपटॉपकडे ढुंकूनही न बघता एका दमात टाइप केली. प्रत्येक ओळीला आधी टॅब. तुझ्या त्या शहाण्या यंत्राने बघितलं की या बाईंचा आवडता शब्द ‘झाले’, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘झाले’ ठेवून दिलं. ओळ संपली की घडी, ओळ संपली की घडी. मी वर बघितलं तेव्हा माझ्या बाजूची यादी स्वच्छ होती. मला वाटलं, तुझ्या सुधारणेत नवी कामं आधी आत ठेवतात आणि दिवस आला की एकेक बाहेर काढतात. मी निश्चिंत झाले आणि कुरडयांच्या मागे लागले.

इकडे मामांच्या ओळी उघड्या. आचाऱ्यापुढे नोडोण दिसलं म्हणून मी म्हटलं, यांनी अजून आचारी ठरवलेला दिसत नाही, आणि ओळखीतल्या गोदावरीबाईंच्या भावाला सांगून मोकळी झाले. मामांनी तर आपला आचारी पाडव्यालाच ठरवला होता. दोघेही एकाच दिवशी भांडी बघायला आले, एकमेकांकडे बघून हसले आणि मग हसायचे थांबले. शेवटी एकाने स्वयंपाक बघायचा आणि दुसऱ्याने नुसते चिरोटे करायचे, अशी मामांनी तडजोड घडवून आणली. (आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तारीख न घेता निकाल दिला.) म्हणजे तुझ्या सुधारणेच्या कृपेने आमच्याकडे आचारी दोन झाले. हे मी हसून सोडून दिलं असतं.

पण मग तुझ्या वनितावहिनीचा हुबळीहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, धारवाडचा रस्ता कुठे खणलाय का ते विचारलं, आणि मग हळूच म्हणाली की आईंचे गुडघे फार दुखतात, शांतीला जमेल असं वाटत नाही. मी म्हटलं, अगं, गाडी पाठवतो. ती म्हणाली, नको, त्या नको म्हणतात. तुझ्या आईचे, आमच्या अक्कांचे, गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी लॅपटॉप उघडला, मामांना बोलावलं, आणि आम्ही त्या घड्या उलगडायला घेतल्या. गुरुजींना सामानाची यादी विचारणे, झाले. केळीची पानं सांगणे, झाले. आणि सगळ्यांत वर, मी आठवणीने पहिलं लिहिलेलं: हुबळीला जाऊन यमुनाअक्कांना अक्षत देणे, झाले.

अक्षत द्यायला कोणी गेलंच नव्हतं. मामा समजत होते बायकांची बोलावणी मी केली, मी समजत होते काम अजून आत आहे आणि बाहेर यायचंय. गावभर सगळ्यांना फोनवर सांगितलेलं चालतं, पण घरातल्या थोरल्या बहिणीला दारात जाऊन, हातावर अक्षत ठेवून बोलवायचं असतं. आणि तुझी आई अशी की ‘मला कसं नाही बोलावलंत’ हे ती जन्मात विचारणार नाही. गुडघे दुखतात म्हणेल. धारवाड-हुबळी इतकी जवळ की कधीही जाता येतं, म्हणून कधीच जाणं होत नाही, हेही खरंच.

मामा उठून जेवायला बसले, आमटीत मीठ नव्हतं, आणि त्यांनी ती तशीच खाल्ली. सुधींद्र, लग्न झाल्यापासून या माणसाने मिठावरून बोलल्याशिवाय एक जेवण सोडलेलं नाही. मला भीती वाटली. त्यांच्या आईच्या पश्चात अक्कांनी त्यांना वाढवलं, कायदा शिकवायला आपल्या घरी ठेवून घेतलं, हे तुला मी सांगायला नको. हात धुताना एवढंच म्हणाले की अक्का नसेल तर शांत कसली करायची. 

दुसऱ्याच दिवशी निघालो. मी हळद-कुंकवाचा करंडा आणि अक्षत घेतली. मामांनी भर उन्हात काळा कोट चढवला आणि लॅपटॉप घेतला. तो कशाला, विचारलं तर म्हणाले, पुरावा. चिगरी बसमध्ये सबंध वाटभर ते ओठ हलवत युक्तिवाद पाठ करत होते आणि शेजारच्या बाईने ते स्तोत्र समजून पाय आवरून घेतले. दुर्गदबैलच्या बाजारात रिक्षावाल्याने तोंडाशीच उतरवलं, आत हातगाड्यांचा गुंता झाला होता. मामा लॅपटॉप छातीशी धरून ‘सरीरी, सरीरी’ म्हणत लोकांना बाजूला सारत पुढे, मी करंडा सांभाळत मागे. 

अक्का तुझ्या वडिलांच्या फोटोखाली बसून गहू निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, ‘यावं वकीलसाहेब’ म्हणाल्या आणि वनिताकडून कपबशीत चहा आणवला. अक्का घरच्या माणसांना स्टीलच्या पेल्यात चहा देतात, कपबशी फक्त परक्यांना निघते. मामांनीही ते बघितलं. घाईघाईने लॅपटॉप उघडून त्यांनी बाजू मांडायला सुरुवात केली: सुधारणा, टॅब, माझी टायपिंगची सवय, घड्या, सगळं क्रमवार. शेवटी पुराव्यादाखल ती ओळ अक्कांपुढे धरली. अक्कांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, इथं ‘झाले’ असं लिहिलंय की. म्हंजे तुमी येऊन बोलावून गेला. मीच घरात नव्हते वाटतं.”

मामांनी लॅपटॉप मिटला. इतक्या वर्षांत त्यांना युक्तिवाद आटोपता घेताना मी पाहिलं नव्हतं. ते जाऊन गव्हाच्या सुपाशेजारी जमिनीवर बसले, कोटासकट. “अक्का,” ते म्हणाले, “चुकलं. तू नाही आलीस तर मी पाटावर बसणार नाही. ओवाळायला पहिला हात तुझा, लोक काही का म्हणेनात.”

अक्का कितीतरी वेळ गहूच निवडत राहिल्या. मी अक्षत पुढे केली ती त्यांनी घेतली, डोळ्यांना लावली, देवापुढे ठेवून आल्या आणि म्हणाल्या, “नोडोण.” मामांचा चेहरा तू बघायला हवा होतास. स्वतःचाच शब्द त्यांना पहिल्यांदा समोरून ऐकायला मिळाला. पण वनिताने दुसऱ्यांदा चहा आणला तो पेल्यांतून आणला, आणि ते तिला कोणी आतून सांगितलं असेल ते मी ताडलं. मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

मग अक्कांनी विचारलं, हे यंत्र कुठल्या कंपनीचं. मामा म्हणाले, कंपनीचं कुठलं, सुध्याचं आहे, तो रिकाम्या वेळात करतो आणि लोकांना फुकट देतो. सुधींद्र, तुझ्या आईला हे माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं तू तिकडे बँकेचे हिशेब करतोस. तिने मामांना लॅपटॉप पुन्हा उघडायला लावला आणि पदराने त्याच्या काचेवरची धूळ पुसली. सुध्या हे रोज बघतो का, असं विचारलं. मी म्हटलं, रोज. मग म्हणाली, “आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पण घालून जावा.” तुझा राजूअण्णा म्हणत होता की दुकानाचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याच्यावर बिलं होतात तेवढं पुरे. पण अक्कांपुढे कोणाचं चालतं? तुला फोन करून मी तो घालून घेतला तो याचसाठी. तू मीटिंगमध्ये होतास, कुणासाठी ते विचारलं नाहीस.

निघताना अक्कांनी तुझ्यासाठी एक निरोप दिला, तो जसाच्या तसा देते: “आमच्या दुकानात माणूस गिऱ्हाइकानं मागं काय नेलं ते ध्यानात ठेवतो. पण आज कशासाठी पायजे ते विचारल्याबगर कापडाचं ठाण उलगडत नाही. सुध्याला तेवढं सांगा.” मी हे तुझ्या भाषेत मांडायचा प्रयत्न करते. ओळ नवी असेल, तर टॅब दाबल्यावर ‘करायचे’ पुढे यावं, माणूस कितीही कामसू असो. जे काम आधीपासून यादीत आहे त्यालाच ‘झाले’ सुचवावं. शब्द आपोआप घालण्याआधी दोन-तीन शब्द खाली दाखवावेत आणि निवडायला सांगावं. मामांच्या बाबतीत एकटा नोडोण दाखवला तरी चालेल. आणि जिने टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली आहे अशा बाईला टॅबने नुसती जागा सोडायची मुभा असावी. एवढी सुधारणा केलीस तर तुझ्या यादीसारखी यादी नाही, हे मी कुठेही सांगेन.

तर तब्येतीला जप, डब्यात भाजी कमी असेल तर बोल, आणि मानेचे व्यायाम मानेने कर. मामांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत. (मी विचारलं, किती लिहू? म्हणाले, नोडोण.)

तुझी,
लीलामामी

ता. क. पाकीट डकवणार तेवढ्यात वनिताचा फोन आला. अक्का शांतीला यायला तयार आहेत. पण राजूच्या गाडीतून येणार नाहीत आणि आम्ही न्यायला गेलो तर आमच्याबरोबरही येणार नाहीत. ज्याने ते यंत्र केलं त्याने येऊन न्यावं, म्हणाल्या. तुझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तू हुबळीच्या घरची पायरी चढलेला नाहीस. हे मी तुला ऐकवत नाही, नुसती आठवण करून देतेय. विचारलं की ‘बघू’ म्हणतोस, आणि तो शब्द कुणावर गेलाय ते तुला कळतच असेल. वर लिहिलेली सुधारणा सावकाश कर, नाही केलीस तरी मी टॉवेल पांघरून टाइप करीन. तू आधी शनिवारच्या गाडीचं बघ. मामांना सांगितलेलं नाही, ते मीठ मागायला लागलेत, त्यांना तसंच राहू दे.

आणखी एक. वनिताने घडी उलगडून दुकानातल्या कॉम्प्युटरचा फोटो पाठवलाय. अक्कांनी त्या यादीत पहिलंच काम लिहिलंय: ‘झाले सुधींद्र घरी येणे’. मी लगेच फोन लावला. म्हटलं, अक्का, हे तुमच्याकडूनही टॅब दाबला गेलेला दिसतोय, पुसून टाका. त्या म्हणाल्या, “टॅब-बिब मला कुठलं येतंय? एकेक अक्षर शोधून शोधून लिवलंय मी.”